पाणी कुठे मुरलं? एका खोलीतल्या लपलेल्या बुरशीचं प्रकरण

"वास येतोय, पण दिसत काहीच नाही." घराच्या मालकांनी फोनवर सांगितलं ते एवढंच. घरांमधली ओल शोधणं हे माझं काम, आणि माझ्याकडे येणारे बरेच फोन याच वाक्याने सुरू होतात. तरी हे एक प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतोय, कारण या घरात कुणीही हलगर्जीपणा केला नव्हता. पाणी दिसल्यावर मिनिटभरात कॉक बंद केला होता, फरशी पुसली होती, चार दिवस पंखे चालू ठेवले होते. एवढं करूनही अकराव्या आठवड्यात मुलीच्या खोलीतल्या भिंतीच्या पोटात हातभर उंचीपर्यंत बुरशी निघाली.

घरात चौघं: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आजी. मुलीची खोली बाथरूमला लागून. मधली भिंत विटांची नाही, पार्टिशनची आहे. पत्र्याच्या चॅनलचा सांगाडा, दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्ड, मधल्या पोकळीत आवाज अडवायला ग्लासवूल. बाथरूमच्या बाजूने टाइल्स, खोलीच्या बाजूने रंग. खोलीतली जमीन लॅमिनेटच्या पट्ट्यांची. पट्ट्यांखाली फोमचा पातळ थर, फोमखाली प्लास्टिक, त्याखाली कोबा.

पहिले दहा दिवस

कुटुंब दोन दिवस बाहेरगावी गेलं होतं. त्या काळात बेसिनखालची लवचिक नळी नटापाशी चिरली. परत आले तेव्हा बाथरूमचा उंबरा ओलांडून पाणी मुलीच्या खोलीत पसरलेलं. ते नेमके किती तास वाहत होतं ते सांगता येणार नाही.

कॉक बंद झाला, तासाभरात नळी बदलली. दाराजवळच्या लॅमिनेटच्या पट्ट्या फुगल्या होत्या, त्या तीन ओळी काढल्या. बाकीची जमीन वरून ठीक दिसत होती म्हणून तशीच ठेवली. पाचव्या दिवशी हात लावला तर सगळं खडखडीत. आठव्या दिवशी नव्या पट्ट्या बसल्या. भिंतीच्या तळाशी पिवळट रेघ उमटली होती, ती झाकायला नवव्या दिवशी प्रायमर मारला. मुलीला चांदण्यांचा वॉलपेपर हवाच होता, तोही त्याच वेळी लागला. वॉलपेपर व्हिनाइलचा. दहाव्या दिवशी कपाट परत भिंतीला टेकलं.

खरी मेख या दहा दिवसांत आहे. पाण्याला दोन वाटा होत्या. एक फरशीवरून उंबऱ्याकडे. ती सगळ्यांनी पाहिली आणि पुसली. दुसरी कुणालाच दिसली नाही. चिरलेल्या नळीची धार थेट मागच्या भिंतीवर, जिथे पाइप भिंतीत शिरतो तिथे आदळत होती. पाइपभोवतीची फट कुणी कधी भरलेली नव्हती. त्या फटीतून पाणी पार्टिशनच्या पोटात उतरत राहिलं. किती पाणी पुसून काढलं हे घरच्यांनी मला नीट सांगितलं. बाकीचं कुठे मुरलं, हा प्रश्न मात्र कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. अशा वेळी तो येतही नाही. समोर तळं साचलेलं असताना माणूस भिंतीकडे बघत नाही, आणि त्यासाठी मी कुणाला दोष देणार नाही.

पंखे लावणं बरोबरच होतं, पण पंख्याचा वारा पृष्ठभाग वाळवतो. भिंतीच्या पोकळीत आणि लॅमिनेटखालच्या फोममध्ये वारा शिरत नाही. भिजलेलं सामान २४ ते ४८ तासांत कोरडं झालं तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही, हा या कामातला जुना आणि भरवशाचा नियम आहे. इथे ती मुदत पोकळीला कधी मिळालीच नाही. उलट नवव्या दिवशी व्हिनाइल वॉलपेपर लागला आणि ओल बाहेर पडायची उरलीसुरली वाटही बंद झाली. एका बाजूला टाइल्स, दुसऱ्या बाजूला व्हिनाइल, मध्ये भिजलेलं ग्लासवूल.

वास आधी कुणाला आला

तिसऱ्या आठवड्यात आजी आपल्या लेकीकडे राहायला गेल्या आणि सातव्या आठवड्यात परत आल्या. नातीचे कपडे ठेवायला कपाट उघडलं आणि त्या दारातच थबकल्या.

"अगं, कपाटात ओलं काही ठेवलंय का?"

"नाही हो आई. कालच तर सगळे कपडे नीट लावलेत."

सुनेने एकेक कपडा काढून हुंगला, सगळे पुन्हा धुतले, उन्हात घातले. चार दिवसांनी वास परत आला. आजी रोज म्हणायच्या, "कुबट येतंय", आणि बाकीच्यांना काहीच जाणवत नव्हतं. त्यांना वाटलं, वय झालंय, काहीतरी भास होत असेल. खरं तर घरात सगळ्यात भरवशाचं नाक तेव्हा आजींचंच होतं. सतत एकाच वासात राहिलं की नाकाला त्याची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. आजी महिनाभर बाहेर राहिल्यामुळे त्यांचं नाक कोरं राहिलं होतं. बुरशी वाढताना हवेत उडून जाणारी सेंद्रिय संयुगं सोडते, त्यांचा तो वास. जिओस्मिन त्यातलंच एक. पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या वासातही तेच असतं. बाहेर मोकळ्यावर हवाहवासा वाटणारा वास बंद कपाटातून आला की काहीतरी बिघडलंय असं समजावं. मी कुठल्याही घरी गेलो की आधी विचारतो, "नुकतं बाहेरगावाहून कोण आलंय?"

नवव्या आठवड्यात कपाटामागे स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या लाकडी पट्टीच्या, वर राखाडी ठिपके दिसले. वडिलांनी ते ब्लीचने पुसले. ठिपके गेले, आणि दहा दिवसांनी त्याच जागी, पण बोटभर वरपर्यंत, परत उमटले. ब्लीचबद्दल इथेच सांगतो, कारण हा उपाय बहुतेक घरांत होतो. बोर्ड किंवा लाकूड सच्छिद्र असतं. ब्लीचमधलं पाणी आत झिरपतं, क्लोरीन बरंचसं वरच राहतं. वरचा रंग उडतो आणि काम झाल्यासारखं वाटतं, पण आतल्या बुरशीला मात्र थोडं पाणीच मिळतं. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून ती नुसती मारून भागत नाही, तिथून काढावी लागते. आणि ब्लीच कधीही अमोनिया किंवा ॲसिड असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

त्याच सुमाराला मुलीला रात्री खोकला सुरू झाला. आजीच्या खोलीत झोपली की कमी, आपल्या खोलीत जास्त. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?" त्या प्रश्नावरून मला फोन आला. मी डॉक्टर नाही, त्यामुळे खोकला बुरशीमुळेच झाला असं मी लिहिणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. ओल्या, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारींचा आणि दमा बळावण्याचा धोका जास्त असतो, याला पुरेसा पुरावा आहे असं त्यात म्हटलंय. एवढं कारण तपासणीला पुरेसं होतं.

तपासणी

मी सुरुवात चुकीच्या जागी केली. खोलीची बाहेरची भिंत थर्मल कॅमेऱ्यात एका कोपऱ्यात गार दिसली, आणि गार कोपरा म्हणजे हवेतली वाफ तिथे धरत असणार, असं वाटून मी तासभर तिथेच घालवला. खोलीत २४ अंश तापमान, आर्द्रता ५८ टक्के. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन धरते ते तापमान, साधारण १५ अंश. कोपऱ्यातली भिंत २१ अंश होती, म्हणजे तिथे पाणी धरण्याचा प्रश्नच नव्हता. भिंतीलगतची आर्द्रता फार तर ७० टक्के, आणि बहुतेक बुरशींना पृष्ठभागाशी साधारण ८० टक्क्यांच्या पुढे लागते. ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरनेही कोपरा कोरडाच दाखवला. थर्मल कॅमेरा तापमान दाखवतो. ओल नाही आणि बुरशी तर नाहीच. हे मला पाठ आहे, तरी त्या पडद्यावरचे निळे-जांभळे रंग माणसाला ओढून नेतात.

मग पार्टिशनकडे वळलो. घरातल्या इतर लाकडी स्कर्टिंगवर मीटर १० ते ११ टक्के दाखवत होता. कपाटामागच्या स्कर्टिंगवर २४. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा गेला की मी थांबून नीट बघतो. कपाट ओढलं तर तळाचे ते ठिपके सोडता वॉलपेपरवर डाग नाही, पोपडा नाही, चांदण्या जशाच्या तशा. स्कर्टिंगच्या वर ८ मिलिमीटरचं छिद्र पाडून आर्द्रता मोजायची कांडी पोकळीत सारली, भोवती टेप लावून वीस मिनिटं तशीच ठेवली. बाहेर खोलीत ५८ टक्के. आत ९५.

हे दोन आकडे मी घरच्यांना शेजारी शेजारी लिहून दाखवले. "पण खोलीतलं यंत्र तर रोज साठच्या खालीच दाखवतं," वडील म्हणाले. ते खरंच होतं. खोलीची हवा चांगली होती, फक्त बुरशी राहत होती ती हवा वेगळी होती. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घरात असतात, दारं-खिडक्यांतून येतच राहतात. खायला बोर्डावरचा कागद, लाकूड, धूळ असते. माणसाला सोसणारं तापमान तिलाही चालतं. यातलं आपल्या हातात फक्त पाणी.

भिंत उघडण्याआधी खोलीचं दार बंद केलं, फटीला टेप लावली, मास्क आणि हातमोजे घातले. लपलेली बुरशी उघडताना हा उशीर करावाच लागतो. कोरडा बोर्ड ताडकन उचकटला तर बीजाणूंचा ढग घरभर जातो. कापायची जागा ओलसर करून, हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमचं तोंड जवळ धरून पंधरा सेंटिमीटरची खिडकी कापली. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर. साधा व्हॅक्यूम बारीक बीजाणू मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो.

कापलेला तुकडा उलटा केला आणि टॉर्च धरली. तळाशी काळा, ओलसर चमक असलेला थर, पाण्यात कालवलेल्या काजळीसारखा. त्याच्या वर राखाडी-हिरवी भुकटी, कुणी चाळणीने भुरभुरवल्यासारखी. आणखी वर सुटे गोल ठिपके, शर्टाच्या बटणाएवढे, प्रत्येकाला फिकट कड. नवख्याला ही नुसती घाण वाटेल. मला तो ओलीचा नकाशा वाटतो. जिथे आठवडेच्या आठवडे चिंब राहिलं तिथे काळी, जिथे नुसतं दमट तिथे भुकटी, जिथे ओल नुकती पोचतेय तिथे ठिपके. आत हात घालून ग्लासवूल दाबलं तर हातमोज्यावरून पाणी ओघळलं. तळाच्या चॅनलमध्ये नखाएवढं पाणी उभं होतं, गंजाने तांबूस झालेलं. नळी बदलून अकरा आठवडे झाले होते.

मुलीच्या आई माझ्या मागे दारापाशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आणि आम्ही तिचं डोकं याच भिंतीकडे करून तिला झोपवत होतो." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

लॅमिनेटही उचललं. दाराजवळच्या नव्या पट्ट्या खालून स्वच्छ होत्या. जुन्या, वरून ठीक दिसणाऱ्या पट्ट्यांच्या पोटाला राखाडी लव आली होती, आणि फोमवर पाण्याचे थेंब होते.

काळी म्हणजे विषारी?

वडिलांना हवेची चाचणी करून हवी होती. मी नको म्हणालो. घरातल्या हवेत किती बीजाणू असले की धोका, अशी आरोग्यावर आधारलेली सर्वमान्य मर्यादा नाही. आकडा तासातासाला बदलतो, खिडकी उघडली तरी बदलतो. समोर भिंत उघडी असताना त्या आकड्याने करायच्या कामात काहीच फरक पडणार नव्हता. त्यांनी मनाच्या समाधानासाठी टेपवर एक नमुना घेऊन प्रयोगशाळेत दिला. अहवालात तळाच्या थरात स्टॅकिबॉट्रिस, वर पेनिसिलियम-ॲस्परजिलस गटातली आणि थोडी किटोमियम. नुसत्या बीजाणूंवरून पेनिसिलियम आणि ॲस्परजिलस सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून ती नावं जोडीने येतात.

स्टॅकिबॉट्रिस हे नाव शोधल्यावर त्यांची झोप उडाली. ती भीती कुठून आली ते मी त्यांना सांगितलं. १९९३-९४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, तेव्हा या बुरशीशी त्याचा संबंध जोडला गेला. पुढे २००० साली अमेरिकेच्याच रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) तो अभ्यास पुन्हा तपासला आणि संबंध सिद्ध झालेला नाही असं जाहीर केलं. स्टॅकिबॉट्रिस विषारी द्रव्यं बनवू शकते हे खरं. पण काळा रंग म्हणजे विष असं नसतं. काळ्या दिसणाऱ्या बुरशी पुष्कळ आहेत. या बुरशीच्या नावातून मला कळलं ते वेगळंच: ती सावकाश वाढते आणि तिला जवळजवळ सतत चिंब कागद लागतो. म्हणजे ही भिंत मधूनमधून दमट होत नव्हती, पहिल्या दिवसापासून भिजलेलीच होती. काढायची पद्धत सगळ्या बुरशींची एकच. घरच्यांना यातून धीर आला असं म्हणता येणार नाही, पण रात्री जागून शोधाशोध करणं थांबलं.

काढणं आणि वाळवणं

साधारण एक चौरस मीटरपर्यंतची बुरशी घरच्यांनी मास्क, हातमोजे, गॉगल घालून काढली तर चालतं. इथलं क्षेत्र त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं, म्हणून प्रशिक्षित माणसं बोलावली. मुलीचा मुक्काम आजीच्या खोलीत. खोलीला जाड प्लास्टिकचा पडदा, आणि हेपा फिल्टरचं यंत्र हवा ओढून खिडकीबाहेर टाकणारं, म्हणजे खोलीतली हवा घरात न जाता घरातली हवा खोलीत येत राहते. पडदा आत फुगलेला दिसला की समजायचं, जमलं. शेवटची बुरशी जिथे दिसली त्याच्या अर्धा मीटर पुढपर्यंत बोर्ड कापला. ग्लासवूल, फोम, जुन्या पट्ट्या, कपाटाची प्लायची पाठ, सगळं खोलीतच पिशव्यांत बांधून बाहेर. पत्र्याचा सांगाडा घासून पुसून ठेवता आला. पत्रा सच्छिद्र नाही. पाइपभोवतीची फट त्याच दिवशी भरली.

कपाटाच्या तळाशी एक पुठ्ठ्याची पेटी होती, मुलीने लहानपणापासून काढलेल्या चित्रांची. खालची वीस-पंचवीस चित्रं एकमेकांना चिकटली होती, कडांना ठिपके आले होते. माझ्या नियमाने ती पिशवीत जायला हवी होती. वडिलांनी मास्क लावून ती गच्चीवर नेली, एकेक सुटं केलं, उजेडात फोटो काढले आणि मगच टाकली. वरची, कोरडी राहिलेली हेपा व्हॅक्यूमने साफ करून ठेवली. यात त्यांचे चार तास गेले. मला ते चार तास योग्य वाटले.

वाळवायला डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावला आणि रोज सकाळी त्याच सहा जागी आकडे घेतले. लाकूड नवव्या दिवशी १२ वर आलं. कोब्याला वेळ लागला. नवा कोबा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाळतो असा कारागिरांचा हिशोब असतो. भिजलेल्या जुन्या कोब्याला तो तंतोतंत लागू नाही, पण पाच सेंटिमीटर जाडीचा थर आठ दिवसांत वाळणार नाही हे त्यावरून समजतं. तपासायला ४५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून कोब्यावर चिकटवला. १६ तासांनी सोडवला तर आतून वाफ धरलेली आणि खालची जागा गडद. दहा दिवसांनी पुन्हा, तेव्हाही कोपऱ्यात थोडं धुकं. वडील अस्वस्थ झाले, खोली महिनाभर बंद होती. "आता वरून तर पूर्ण कोरडं आहे हो," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबले. तिसऱ्या वेळी प्लास्टिक स्वच्छ निघालं, त्यानंतरच जमीन झाकली.

नव्या भिंतीला वॉलपेपर नाही, वाफ आरपार जाऊ देणारा साधा रंग. चांदण्या मुलीने स्वतः रंगवल्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. माझ्या आग्रहावरून स्कर्टिंगचा एक हात लांबीचा तुकडा स्क्रूने बसवलाय, म्हणजे दोन स्क्रू काढले की पोकळीत मीटर जातो.

सहा महिन्यांनी मी परत गेलो. आजींनी आधी स्वतः कपाट उघडून हुंगलं, मग मला जागा दिली. मुलगी तिच्या खोलीत झोपते. रात्रीचा खोकला कमी झालाय, पण धुळीने अजून होतो आणि औषध चालू आहे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला वडिलांनी पेन्सिलीने तारखा आणि आकडे लिहिलेत: १२, ११, ११, १२, ११. मी स्क्रू काढले, मीटर लावला, आणि त्याच ओळीत पुढे ११ लिहिलं.